घर गार का राहते? : हिवाळ्यातील एक गृह-अभ्यास



ग्वाल्हेरच्या उन्हाळ्याची कीर्ती देशभर आहे, पण इथल्या हिवाळ्याची कल्पना बाहेरच्या माणसाला नसते. पुण्या-मुंबईचे पाहुणे लग्नकार्यासाठी एक पातळसा स्वेटर घेऊन येतात आणि दुसऱ्याच दिवशी बाड्यावर शाली शोधत फिरतात. डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारी संपेपर्यंत शीतलहर आली की रात्रीचे तापमान ५ अंशांच्या खाली उतरते, कोहरा दाटतो आणि रजाईतून पाय बाहेर काढवत नाही.

ही थंडी निसर्गाची आहे, तिला इलाज नाही. पण एक गोष्ट आपल्या सर्वांच्या अनुभवाची आहे. दुपारी १ वाजता गच्चीवर उन्हात स्वेटर काढावासा वाटतो आणि जिना उतरून खोलीत आले की पुन्हा हुडहुडी भरते. बाहेर ऊब आणि घरात गारठा, असे का व्हावे? हीटर तासभर लावला, बंद केला की दहा मिनिटांत खोली पहिल्यासारखी, असे का? या "का"चा शोध घेणे हा या लेखाचा विषय आहे.

हा शोध केवळ विज्ञानाच्या तासापुरता नाही. वार्षिक परीक्षांचा अभ्यास याच दिवसांत होतो आणि गारठलेल्या बोटांनी अक्षर नीट येत नाही. घरातील आजी-आजोबा आणि तान्ही बाळे यांना गारठा बाधतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली घर व आरोग्य यांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत थंडीच्या दिवसांत घरातील तापमान साधारणपणे १८ अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ नये असे सुचविले आहे. आपल्या कित्येक घरांत, आणि खरे सांगायचे तर शाळेच्या उत्तरेकडील वर्गांतही, जानेवारीत हा आकडा गाठला जात नाही. वर्गांसाठी हीटर घ्यावेत अशी सूचना दर हिवाळ्यात येते. घ्यावेत की नाही हे ठरविण्याआधी उष्णता जाते कुठे, हे पाहावे असे आम्हांस वाटते. फुटक्या घागरीत पाणी भरण्याआधी भोक शोधावे, तसेच हे.

उष्णता जाण्याच्या तीन वाटा

उष्णता नेहमी गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते. तिच्या वाटा तीन. आपल्या हिंदी पाठ्यपुस्तकात त्यांना चालन, संवहन आणि विकिरण म्हणतात. मराठी पुस्तकांत वहन, अभिसरण आणि प्रारण. दोन्ही नावे लक्षात ठेवा.

वहन म्हणजे पदार्थातून कणाकणाने पुढे सरकणारी उष्णता. चहाच्या कपात ठेवलेल्या चमच्याची दांडी तापते ती यामुळे. घरात भिंत, छत, खिडकीची काच आणि दार यांतून उष्णता अशी बाहेर जाते. आपल्याकडचा वालुकाश्म दिसायला भक्कम, पण उष्णता अडविण्यात विटेहून कमी प्रतीचा. दगडातून उष्णता विटेच्या दुपटी-तिपटीने सहज जाते. लाकूड तिला बरेच अडविते आणि सर्वांत उत्तम अडविते ती स्थिर हवा. रजाईतला कापूस स्वतः ऊब निर्माण करीत नाही, तो फक्त हवेला जागच्या जागी धरून ठेवतो. म्हणूनच दडपून गेलेली जुनी रजाई पिंजून घेतली की पुन्हा उबदार होते.

अभिसरण म्हणजे हवेबरोबर वाहून जाणारी उष्णता. गरम हवा हलकी, ती वर चढते आणि वरच्या फटीतून निसटते. तिची जागा भरायला दाराखालून थंड हवा आत येते. पावलांना झोंबणारा तो गार झोत हाच.

प्रारण म्हणजे मध्ये कोणताही पदार्थ न लागता जाणारी उष्णता. सूर्याची ऊब आपल्याकडे अशीच येते. विल्यम हर्शेल यांनी १८०० साली सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात तांबड्या रंगाच्या पलीकडे तापमापक ठेवला, तेव्हा तो चढला. या न दिसणाऱ्या किरणांना आज आपण अवरक्त किरण म्हणतो. निरभ्र रात्री घराचे छत अशाच किरणांनी आपली उष्णता आकाशाकडे टाकत असते. ढगाळ रात्र त्या मानाने कमी गार असते, कारण ढग त्यातील बरीच उष्णता परत पाठवितात.

एका खोलीचा जमाखर्च

आता गणित करू. बारा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच अशी वरच्या मजल्यावरची खोली घ्या. तिच्या दोन भिंती बाहेरच्या, नऊ इंची विटेच्या, गिलावा केलेल्या. आत १८ अंश, बाहेर ८ अंश, म्हणजे फरक १० अंशांचा. बांधकामशास्त्रातील नेहमीचे अंदाजी आकडे वापरले तर दर क्षणाला होणारा खर्च साधारण असा येतो.

छत (११ चौरस मीटर) : ३३० वॅट
बाहेरच्या दोन भिंती (१७ चौरस मीटर) : ३४० वॅट
एक काचेची खिडकी (दीड चौरस मीटर) : ८० वॅट
लाकडी दार (२ चौरस मीटर) : ५० वॅट
फटींतून जाणारी हवा (तासातून तीनदा बदलल्यास) : ३४० वॅट
एकूण : ११४० वॅट

म्हणजे १००० वॅटचा एका रॉडचा हीटर सतत चालू ठेवला तरी ही खोली १८ अंशांवर टिकणार नाही. जमेपेक्षा खर्च जास्त.

या हिशेबातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, हाताला सर्वांत गार लागते ती काच, म्हणून आपण सारा दोष खिडकीला देतो. पण काचेचे क्षेत्रफळ लहान असल्यामुळे तिचा वाटा थोडा. मोठा खर्च छत, भिंती आणि हवा यांचा. दुसरी, या तिघांपैकी छत आणि भिंती दुरुस्त करायला पैसे लागतात. हवेच्या फटी जवळजवळ फुकटात कमी करता येतात. तीन फूट रुंद दाराखाली अर्ध्या इंचाची फट म्हणजे १८ चौरस इंच. दाराला चार इंच लांब, चार इंच रुंद भोक पाडले असते तर ते आपण एक रात्रही तसे ठेवले नसते. ही फट त्याहून मोठी आहे, आणि ती वर्षानुवर्षे तशीच असते.

दगडी घराचे वेगळे प्रकरण

दौलतराव शिंद्यांनी १८१० साली लष्कर वसविले, त्यानंतर आपले पूर्वज येथे स्थिरावले. त्या काळापासून चालत आलेल्या पद्धतीची कित्येक घरे आजही उभी आहेत. दीड-दीड फुटाच्या दगडी भिंती, वर पटियांचे छत, मध्ये चौक, उंचावर रोशनदान. ही रचना मुख्यतः उन्हाळ्यासाठी केलेली आहे. जी भिंत मे महिन्यात दुपारची झळ संध्याकाळपर्यंत आत येऊ देत नाही, तीच जानेवारीत दुपारची ऊबही येऊ देत नाही.

मघाच्याच मापाच्या खोलीला दीड फुटाच्या दगडी भिंती आहेत असे समजा. खोलीतील हवेचे वजन सुमारे ४१ किलो. ती १ अंशाने तापवायला १००० वॅटच्या हीटरला पाऊण मिनिटही लागत नाही. पण त्या दोन बाहेरच्या भिंतींचा दगड १ अंशाने तापवायचा, तर तोच हीटर चार तासांहून अधिक वेळ चालवावा लागेल, आणि तोही मध्ये काही गळती झाली नाही तर! आता हीटर बंद करताच खोली का गार पडते, याचे उत्तर मिळाले. तासाभरात आपण फक्त हवा तापविली होती, भिंती थंडच राहिल्या. शिवाय थंड भिंतीजवळ बसलेल्या माणसाच्या अंगची उष्णता प्रारणाने भिंतीकडे जात राहते. हवा १८ अंश असूनही तिथे पाठ गारठते ती यामुळे.

एक परदेशी उदाहरण

१९७३ च्या तेलटंचाईच्या सुमारास अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी न्यू जर्सी राज्यातील ट्विन रिव्हर्स या वसाहतीत घरांचा असाच अभ्यास चालविला होता. एकसारख्या नकाशाची, शेजारी शेजारी बांधलेली घरे. पण इंधनाचा खर्च प्रत्येकाचा वेगळा. छतावर उष्णतारोधक थर घातलेला असूनही पोटमाळ्यातून जाणारी उष्णता हिशेबापेक्षा कितीतरी जास्त भरली. शोध घेता असे दिसले की धुराड्याभोवतीची मोकळी जागा आणि दोन घरांमधील भिंतीतल्या पोकळ्या यांतून गरम हवा त्या थराला वळसा घालून सरळ वर निघून जात होती. हे हुडकणाऱ्या गटात गौतम दत्त हे संशोधकही होते.

बोध असा की जिथे थर घातला तिथे नव्हे, तर जिथे कोणी पाहिलेच नाही तिथे गळती होती. आपल्या घरांत अशी न पाहिलेली जागा कोणती? आमच्या मते जिना. गच्चीवरच्या मुमटीचे दार दिवसरात्र उघडे किंवा अर्धवट लोटलेले असते. सारे घर मग एका चिमणीसारखे वागते. ऊब जिन्याने वर, आणि थंड हवा पुढच्या दाराखालून आत.

शोध कसा घ्यावा

विद्यार्थ्यांनी पुढील तपासण्या मोठ्या माणसांना बरोबर घेऊन कराव्यात. स्टुलावर चढणे मोठ्यांनीच करावे.

१) तापमानाची नोंद. भिंतीवर टांगायचा साधा तापमापक पुरे (ताप पाहण्याचा नव्हे). सकाळी ६, दुपारी १, संध्याकाळी ५ आणि रात्री १० वाजता खोलीच्या मध्यभागी आणि बाहेर सावलीत, असे दोन्हीकडचे तापमान सात दिवस लिहा आणि आलेख काढा.

२) उदबत्तीची परीक्षा. पंखे बंद करा, पेटलेली उदबत्ती दाराच्या चौकटीच्या, खिडकीच्या आणि रोशनदानाच्या कडेने सावकाश फिरवा. धूर सरळ वर गेला तर ठीक. आडवा झाला तर तिथे फट आहे. पडद्यापासून उदबत्ती दूर ठेवा. नंतर स्वयंपाकघरातील एक्झॉस्ट पंखा लावून हीच परीक्षा पुन्हा करा. पंखा हवा बाहेर ओढतो, तेवढी हवा फटींतून आत घुसते आणि लपलेल्या फटीही सापडतात. परदेशांत दारात मोठा पंखा बसवून हीच तपासणी करतात. या वेळी घरात गॅस, गॅस गीझर किंवा अंगीठी पेटलेली नसावी.

३) कागदाची परीक्षा. वहीच्या कागदाची पट्टी दारात धरून दार लावा. पट्टी सहज ओढून निघाली तर दार तिथे बसत नाही.

४) उजेडाची परीक्षा. दिवसा खोली अंधारी करून पाहा. जिथून उजेडाची रेघ दिसते तिथून हवाही येते.

५) ओलीची तपासणी. पावसाळ्यात मुरलेले पाणी भिंतीत राहिले असेल तर ती भिंत अधिक गार असते. विटेच्या छिद्रांत हवेऐवजी पाणी भरले की उष्णता सहज बाहेर जाते, आणि ते पाणी वाळतानाही भिंतीची उष्णता घेते. कोपऱ्यातील काळे डाग आणि फुगलेला गिलावा पाहून ठेवा.

६) हात फसवितो, याची परीक्षा. रात्रभर एकाच खोलीत ठेवलेले स्टीलचे ताट आणि लाकडी पाट यांना हात लावा. ताट गार लागेल. तापमापक लावून पाहा, दोघांचे तापमान सारखेच असेल. ताट हाताची उष्णता लवकर ओढून घेते, एवढाच फरक. म्हणून भिंत किंवा फरशी "गार आहे" असा निकाल हाताने देऊ नये. २०२० च्या कोरोनाकाळात घरोघरी आलेली कपाळावर धरायची यंत्रेही या कामी येत नाहीत. ती माणसाच्या अंगच्या तापमानापुरतीच बनविलेली असतात.

नोंदी कशा वाचाव्यात

दुपारी १ वाजता बाहेरचे तापमान आतल्यापेक्षा जास्त असेल, तर घर त्या वेळी उष्णता गमावत नाही, उलट ती घ्यायला तयार आहे आणि आपण दारे-खिडक्या बंद करून तिला अडवीत आहोत. ११ ते ३ खिडक्या उघडा, पडदे सारा, ऊन आत घ्या. ग्वाल्हेर सुमारे २६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरला भर दुपारी सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून फक्त ४० अंश वर असतो, म्हणून छज्जाखालून ऊन खोलीत येते. जूनमध्ये तोच सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. दक्षिणेची खिडकी ही हिवाळ्यातली बिनखर्चाची शेगडी आहे. चार-साडेचार वाजता मात्र ती बंद करून जाड पडदा ओढावा.

पहाटे वरच्या मजल्याची खोली खालच्या खोलीपेक्षा बरीच गार असेल, तर दोष छताचा समजावा. हीटर बंद केल्यावर अर्ध्या तासात तापमान झपाट्याने उतरले, तर फटी आणि थंड भिंती यांचा. दिवसभर तापमान फारसे चढतही नाही आणि उतरतही नाही, तर ते जाड भिंतींचे आणि ऊन न मिळाल्याचे लक्षण.

उपाय, स्वस्त ते महाग

जुन्या साडीची लांब पिशवी शिवून तीत कोरडी वाळू भरावी आणि रात्री दाराखाली लावावी. खिडकीच्या सैल काचांना पुटी भरावी. मुमटीचे दार संध्याकाळी नीट लावावे. फरशीवर सतरंजी घालावी, मुलांचे अभ्यासाचे टेबल बाहेरच्या भिंतीपासून दोन फूट आत घ्यावे. दगडी घरात खोली तापविण्यापेक्षा माणसाला ऊबदार ठेवणे अधिक शहाणपणाचे. पायमोजे, टोपी आणि मांडीवर घोंगडी यांची बरोबरी हीटर करू शकत नाही.

पैसे खर्च करायचेच असतील तर ते गच्चीवर करावेत. आधी गळती बंद करावी, मग उष्णतारोधक थर घालावा. हा खर्च दोन्ही ऋतूंत उपयोगी पडतो, कारण जो थर जानेवारीत उष्णता बाहेर जाऊ देत नाही, तो मे महिन्यात ती आत येऊ देत नाही.

सर्वांत महत्त्वाची सूचना

पालकांनी हा भाग कृपया दोनदा वाचावा. फटी बुजवा, पण खोली हवाबंद करू नका. बंद खोलीत कोळशाची अंगीठी ठेवून झोपल्यामुळे उत्तर भारतात दर हिवाळ्यात माणसे दगावतात. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके दुखणे, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणे. झोपलेल्या माणसाला तीही कळत नाहीत. धूर दिसत नाही म्हणून अंगीठी निर्धोक झाली, असे मुळीच नाही. अंगीठी चौकात किंवा अंगणातच पेटवावी, झोपायच्या खोलीत कधीही आणू नये. गॅस गीझर असलेल्या न्हाणीघरातील रोशनदान कोणत्याही कारणाने बुजवू नये. कोणाला गुंगी आल्यास आधी दारे उघडून त्याला मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ क्रमांकावर फोन करावा.

शाळेसाठी आमचा प्रस्ताव

शांत बसलेले एक मूल सुमारे ७० वॅट उष्णता देते. चाळीस मुलांचा वर्ग म्हणजे २८०० वॅट. दोन रॉडच्या हीटरपेक्षाही जास्त. तरी उत्तरेकडील वर्ग गार राहतात, याचा अर्थ उष्णता नाही असा नसून ती टिकत नाही असा आहे. एका वर्गात २००० वॅटचा हीटर रोज ५ तास चालविला तर १० युनिट वीज लागेल. अशा आठ वर्गांचे रोजचे ८० युनिट. आपल्या बिलातील दराने गुणून विद्यार्थ्यांनी हा खर्च स्वतः काढावा.

तेव्हा आम्ही विश्वस्त मंडळाला अशी विनंती करीत आहोत की आधी इयत्ता आठवी व नववीच्या विद्यार्थ्यांकडून प्रत्येक वर्गाची वरील पद्धतीने तपासणी व्हावी, न बसणारी दारे आणि फुटक्या काचा दुरुस्त व्हाव्यात, आणि त्यानंतरच हीटरचा विचार व्हावा. चाळीस मुलांना ताजी हवाही हवी, म्हणून दोन तासांच्या मध्ये पाच मिनिटे खिडक्या उघडण्याचा नियम राहीलच.

विद्यार्थ्यांसाठी गृहपाठ

१) घरातील एका खोलीचे सात दिवसांचे तापमान-पत्रक व आलेख तयार करा.
२) उदबत्तीने सापडलेल्या फटी खोलीच्या नकाशावर लाल खुणेने दाखवा.
३) एक फट बुजवून पुन्हा तीन दिवस नोंदी घ्या. फरक पडला का? पडला नसेल तरी तसेच लिहा. खरी नोंद तीच खरी विद्या.
४) घरातील वडीलधाऱ्यांना विचारा : पूर्वी हिवाळ्यात कोणत्या खोलीत झोपत असत, आणि का?

पत्रके संक्रांतीपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्यावीत. निवडक पत्रके शाळेच्या फलकावर लावली जातील आणि वर्गांच्या दुरुस्तीची यादी त्यांच्यावरूनच केली जाईल.